वर्गात मागे उभा राहून

ज्यांनी मला शिकवलं त्यांचं आधी सांगतो, बाकीचं मग. ते आमच्या पलटणीचे नव्हते. फौजेत शिक्षणाची एक वेगळी शाखा असते. तिथले हवालदार पलटणींना जोडून देतात आणि जवानांना शिकवणं एवढंच त्यांचं काम असतं. आमच्याकडे आले ते केरळचे, समुद्राकाठच्या गावचे, कॉलेज शिकलेले. जाड काचांचा चष्मा आणि हळू आवाज. फौजेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला उस्ताद म्हणतात, मग तो बंदूक शिकवो की ड्रिल. यांना आम्ही मास्टर उस्ताद म्हणायचो. आज माझ्या बाहीवर नाईकाच्या दोन फिती आहेत, त्या त्यांच्यामुळे आहेत. त्यांना हे समोर सांगायचं राहून गेलं.

मी लंगरात काम करतो. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. पलटण जिथे जाईल तिथे आमच्या भट्ट्या जातात. सध्या कुठे आहे ते लिहीत नाही, लिहायचं नसतं. घरापासून फार लांब, डोंगरात, एवढं पुरे. जवान उठायच्या आधी आम्ही उठतो आणि ते झोपल्यावर भांडी आवरतो. त्यामुळे माझ्या अंगात एक कायमचा थकवा आहे. सुट्टीवर गेलो तरी पहिला आठवडा नुसता झोपून काढतो. मुलगी येऊन माझे डोळे उघडून बघते, बाप जिवंत आहे का म्हणून.

माझं गाव सोनाळ्याच्या अलीकडे, अगदी पहाडाच्या पायथ्याशी. आठवी पास झालो आणि नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलोच नाही. संत्र्याच्या बागेत काम करताना वडिलांचा पाय मोडला होता, घरात कामाला हात लावणारा मीच मोठा. सोनाळ्यातल्या एका हॉटेलात भट्टीपुढे उभा राहिलो. हॉटेल म्हणजे चार पत्रे, पुढे भट्टी, भट्टीवर कढई. बाजाराच्या दिवशी पहाडावरून कोरकू आदिवासी उतरायचे, खालून संग्रामपूरकडून व्यापारी यायचे, आणि मी सकाळपासून भजी तळायचो. हॉटेलवाले काका चांगले होते. फक्त त्यांची कढई कधी उतरायची नाही. पुढे भरती निघाली. लंगरासारख्या कामांना आठवी पास चालायचा. धावलो, निवडलो गेलो. गावाला वाटलं पोरगा बंदूक घेऊन सीमेवर गेला. पोरगा झारा घेऊन गेला होता.

आता मूळ गोष्ट. शिपाई म्हणून भरती झालेल्याने फितीच मिळवल्या नाहीत, तर त्याची नोकरी लवकर संपते. नाईक झाला तर आणखी काही वर्षं राहता येतं. फितींसाठी आपलं काम यावं लागतं, तसं थोडं शिक्षणही यावं लागतं. हिशेब, थोडं सामान्य ज्ञान आणि नकाशा वाचणं. नकाशा सगळ्यांना. लंगरवाल्यालाही. आमच्यातले बरेच विचारायचे, आम्हाला काय करायचा नकाशा, वरण कुठे सांडलं ते शोधायचं का? पण नियम होता. माझी नोकरी संपत आली होती. बाहेर पडलो की सोनाळा, आणि सोनाळ्यात माझ्यासारख्यासाठी तीच भट्टी. काका मला सुट्टीत भेटले की म्हणायचेच, "ये बाबा, तुयी जागा तशीच हाय." ते मायेनं म्हणायचे आणि मी नोकरीचे उरलेले महिने मोजायला लागायचो.

मास्टर उस्तादांचा वर्ग दुपारी भरायचा, जेवणाची भांडी निघाल्यावर आणि संध्याकाळच्या चहाच्या आधी. पत्र्याची लांब खोली, एक फळा, भिंतीवर नकाशे. दुपारची वेळ, पोटात भात, अंगात पहाटेपासूनचं काम. झोप येणारच. फौजेत त्यासाठी एक रीत आहे. ज्याला झोप येते त्याने कुणाला न विचारता उठायचं आणि खोलीच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभं राहायचं. शिक्षा नाही, लाज नाही. उभा राहून ऐकायचं, झोप गेली की परत येऊन बसायचं. अधिकाऱ्यांच्या भाषणातसुद्धा असंच चालतं.

मी त्या खोलीत बसलेलो फारसं आठवत नाही. बाक माझा होता, पण मी भिंतीपाशी असायचो. आमच्या लंगरातले सर्वांत जुने स्वयंपाकी साताऱ्याकडचे, त्यांना मी दादा म्हणायचो. ते कधी वर्गात डोकावले की म्हणायचे, "वऱ्हाडी, तुझ्यामुळं बांधकामाचा एक खांब वाचला बघ सरकारचा."

"दादा, झोप येते जी."

"मग झोप की उभ्यानं. घोड्याला जमतंय, तुला न जमायला काय झालं?"

उस्तादांना मराठी येत नव्हती. पलटणीत राहून ते शिकत होते. सगळी पलटण देशावरची, आणि वऱ्हाडातले आम्ही एक-दोनच. तरी कसं कोण जाणे, त्यांनी उचलली ती माझी भाषा. एक दिवस फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मागे कोण आहे? काऊन रे, आज पण झोप येऊन राह्यली का?"

वर्गात हशा फुटला. एका केरळच्या माणसाच्या तोंडून 'काऊन' ऐकून मला आधी हसू आलं आणि मग घर आठवलं. घरून निघाल्यापासून माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. सातारा-कोल्हापूरची मुलं माझ्या बोलण्याची नक्कल करायची, पण ती नक्कल असायची. यांना ती मराठीच वाटली होती.

त्याच वर्गात एकदा त्यांनी जुन्या काळाचं सांगितलं. म्हणाले, पूर्वी फौजेत भरती होणाऱ्या बहुतेकांना अक्षरओळख नसायची. पलटणीत मुन्शी असायचा, तो शिकवायचा आणि त्यांची पत्रंही लिहून द्यायचा. लाजाळू जवान बायकोला काय लिहायचं ते मुन्शीला सांगायचे नाहीत. मग मुन्शी सगळ्यांना एकच पत्र लिहायचा, इथे सर्व कुशल आहे, तिथलं कुशल कळवा. आणि शिकवायचं कोणत्या लिपीत? पंजाबी, मराठी, तमिळ, गढवाली, सगळे एका रांगेत उभे. शेवटी हिंदी बोली इंग्रजी अक्षरांत लिहायची, असं ठरलं. त्याला रोमन म्हणत. कितीतरी जवान आयुष्यातलं पहिलं अक्षर तसं शिकले.

मी भिंतीपाशी होतो. झोप कुठच्या कुठे गेली. मी पहिल्यांदाच त्या खोलीत आपणहून बोललो. "उस्ताद, आमच्या घरी एक होते तसे."

माझे चुलत आजोबा फौजेत जाऊन आलेले. अख्खा गाव त्यांना सुभेदार म्हणायचा, पण निवृत्त झाले ते लान्स नाईक, म्हणजे एकच फीत लावून. शाळेचं तोंड न पाहता गेलेला माणूस वाचायला शिकून आला, पण वाचायला शिकला ते रोमन. मराठी अक्षर त्यांना येत नव्हतं. गावात कुणाकडे तार आली की ती आजोबांच्या ओट्यावर यायची, कारण इंग्रजी अक्षरं ओळखणारे तेच. आजोबा चष्मा लावून एकेक अक्षर जोडायचे, मोठ्याने वाचायचे. इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ ना त्यांना कळायचा ना ऐकणाऱ्यांना. सगळे गंभीर चेहऱ्याने ऐकायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "सुभेदार, चांगली खबर हाय का वाईट?" आजोबा तार घडी करून म्हणायचे, "मास्तरले दाखवा." आणि लोक शाळेत जायचे. तरी पुढची तार पुन्हा आधी त्यांच्याच ओट्यावर यायची.

वर्ग हसला. उस्तादही हसले. मग चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "हसण्यासारखं आहे, पण त्यांना शिकवणारा माझ्यासारखाच कोणी असणार. त्या माणसाला कोणी सांगितलं असतं, तुमचा जवान गावात तार वाचतो, तर त्याला बरं वाटलं असतं."

मग परीक्षेचे दिवस आले. हिशेबात मी पास झालो, रेशनचे हिशेब रोजचेच. नकाशाची परीक्षा मैदानावर असते. एका उंच टेकाडावर नेतात, हातात नकाशा आणि कंपास देतात. आधी नकाशा 'सेट' करायचा, म्हणजे नकाशाची वरची बाजू उत्तरेकडे येईल असा तो फिरवून धरायचा. मग समोरचं देऊळ, नाला, पूल नकाशात कुठे आहे ते दाखवायचं.

समोर बर्फाचा मोठा डोंगर होता. मी नकाशाची वरची बाजू सरळ डोंगराकडे केली. कंपासची सुई वेगळंच सांगत होती, अगदी उलट. मी कंपास हलवून पाहिला, ठोकून पाहिला. मला वाटलं, बिघडलेला दिला आहे. मग सगळी उत्तरं मी त्याच धरलेल्या नकाशावरून दिली. परीक्षक सुभेदार साहेबांनी पुढे आणखी काही विचारलंच नाही. "ठीक है, जाओ," म्हणाले. मी समजून गेलो.

आता एकच संधी उरली होती. त्या दिवशी संध्याकाळी घरी फोन केला. बायको बारावीपर्यंत शिकलेली, तिला काही लपवता येत नाही. "आवाज काऊन बसला जी तुमचा?"

"धुराने."

"धूर तं रोजच असते."

मी सांगितलं. ती म्हणाली, "काका येऊन गेले काल. पुसत होते, कवा येता म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर्गात गेलो नाही. पोळ्यांच्या ओट्यावर कणीक मळत बसलो होतो. उस्ताद लंगरात आले. लंगरात ते कधी यायचे नाहीत. पिठाच्या डब्यावर बसले आणि म्हणाले, "काऊन आला नाहीस?"

"काय करू येऊन? पास तं होत नाही मी."

"डोंगराकडे नकाशा धरला म्हणे. कंपास पाहिला नाही?"

"पाहिला. तो खराब होता."

त्यांनी वाद घातला नाही. ओट्यावर कोरडं पीठ पसरलं, हाताने सारखं केलं आणि म्हणाले, "तुझं गाव काढ."

मी बोटाने काढायला लागलो. आधी वर आडवी रेघ, ती सातपुड्याची. मग पहाडातून उतरणारी वाण नदी. सोनाळा. आमचं गाव. खाली डावीकडे संग्रामपूर. आणखी खाली पूर्णा. उस्ताद एकेक नाव विचारत होते, चुकीचा उच्चार करत होते. मग त्यांनी सातपुड्याच्या रेघेवर बोट ठेवलं.

"हा वर का काढला?"

"उस्ताद, पहाड वरतच राह्यते." मला प्रश्नच कळला नाही. आमच्याकडे पहाडाकडे जाणं म्हणजे वर जाणं आणि पूर्णेकडे जाणं म्हणजे खाली. "सोनाळ्याहून संग्रामपूरले जायचं तं आम्ही खाली चाललो म्हणतो. सगळेच म्हणतात."

"पहाडाकडे तोंड करून उभा राहिलास, तर सूर्य कुठून निघतो? तिथे, गावात."

डोळे मिटून पाहावं लागलं. घरामागे उभा राहिलो, पुढे पहाड. "उजव्या हाताने."

"आणि इथे? त्या बर्फाच्या डोंगराकडे तोंड केलं तर?"

आमच्या भट्टीवरची खिडकी नेमकी डोंगराकडे आहे. त्या खिडकीसमोर उभा राहून मी रोज सगळ्या पलटणीचा पहिला चहा करतो. मी उठतो तेव्हा अंधार असतो. चहा उकळतो, आणि मग उजेड येतो तो माझ्या डाव्या गालावर. आधी डावा गाल, मग डावा हात, मग पातेल्याची डावी कड. कितीतरी सकाळी मी त्या उजेडात उभा होतो.

"डाव्या," मी म्हणालो.

उस्तादांनी सातपुड्याच्या रेघेवरचं बोट उचललं. माझा पहाड उत्तरेला होता, म्हणून मला वाटलं पहाड असतो तीच उत्तर. हा डोंगर दक्षिणेला होता. कंपास चांगला होता. मी आजवर ज्या-ज्या ठाण्यात राहिलो तिथे जो मोठा डोंगर असेल त्याला मनात उत्तर मानून, त्यावरूनच दिशा लावत आलो होतो, आणि कुणी विचारलं नाही म्हणून ते कळलं नाही.

दादा दुरून पीठ बघत होते. "काय चाललंय? रांगोळी?"

"गाव काढलं, दादा."

"मग पुस आता. त्याच्या पोळ्या करायच्या हाईत."

तेव्हापासून उस्ताद रोज दुपारी कंपास घेऊन लंगराच्या मागे यायचे. मी बटाटे सोलायचो, ते विचारायचे. पाण्याची टाकी कोणत्या दिशेला? देऊळ? गेट? चुकलो की कंपास पुढे करायचे. मी विळी ठेवून उठलो की मगच कंपास उघडायचे, लोखंडाजवळ सुई फिरते म्हणून. दादांनी माझं संध्याकाळच्या चहाचं काम आपल्या अंगावर घेतलं. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच घेतलं, आणि वर म्हणाले, "नाईक झालास की मला सॅल्यूट कर म्हणशील, म्हणून आधीच राबून घेतो." दादांचं ऋण आहेच. पण दादा रोज समोर आहेत, ते ऋण रोज थोडं थोडं फिटतं. उस्तादांचं तसं नाही.

परीक्षेच्या आधीच त्यांची पोस्टिंग आली. फौजेत हे असंच. माणसाची सवय लागली की कागद येतो. जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यासाठी इडली करायला घेतली. लंगरात इडली कुणी केली नव्हती, थंडीत पीठ फुगलं नाही. जे निघालं ते दगड होतं. उस्तादांनी एक हातात घेऊन वजन पाहिलं. म्हणाले, "छान आहे. वाऱ्यात नकाशावर ठेव, उडणार नाही." आणि ती खाल्ली. दोन खाल्ल्या. मग हात धुताना म्हणाले, "मी लहानपणी डोंगर पाहिले ते सगळे पूर्वेला. माझ्या गावात डोंगर पूर्वेला, समुद्र पश्चिमेला. तुझा उत्तरेचा पहाड बघायचा आहे एकदा."

मी "हाव उस्ताद" एवढंच म्हणालो. मला जास्त बोलता येत नाही. पहाटे गाडी गेली तेव्हा मी भट्टीपुढे होतो, चहा उतू जात होता, तो सोडून बाहेर जाता आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी धुकं होतं. डोंगर नाही, देऊळ नाही, पूल नाही. बाकीचे वैतागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू, फसवायला डोंगरच समोर नव्हता. आदल्या दिवशी बडा खाना होता, सगळ्या पलटणीचं एकत्र जेवण, आणि मी धड झोपलो नव्हतो. डोळे मिटत होते. सवयीने मी रांगेतून मागे सरकून उभा राहिलो. नंबर आला. कंपास उघडला, सुई थांबू दिली, नकाशा फिरवला. धुकं जरा जरा हटत गेलं तसं एकेक निघत गेलं, देऊळ जिथे नकाशात होतं तिथे, पूल तिथेच, आणि डोंगर अगदी शेवटी, माझ्या पाठीमागे. परीक्षक सुभेदार साहेबांनी नकाशा परत घेतला आणि म्हणाले, "इस बार किसने पढ़ाया?" मी सांगितलं. ते मान हलवून पुढच्याकडे वळले.

दोन फिती लागल्या त्या दिवशी घरी फोन केला.

"म्हणजे आता सायेब झाले म्हणा," बायको म्हणाली.

"सायेब नाही वो. नाईक."

"बरं झालं." मग म्हणाली, "म्हणजे आता आणखी काही वर्षं तिकडंच."

"हो."

"काकाले सांगून देतो मी."

फोन ठेवल्यावर मी भट्टीपुढे येऊन बसलो. हवं होतं ते मिळालं होतं, आणि घर तेवढंच लांब गेलं होतं. अजूनही तसंच आहे. थकवाही तोच आहे. पुढच्या फितीसाठी पुढची परीक्षा आहे, तिची भीती आत्तापासून वाटते. दुपारचा वर्ग आता दुसरे उस्ताद घेतात. मी अजून मागे उभा असतो. नव्या पोरांना वाटतं मी शिस्तीचा माणूस आहे.

मास्टर उस्तादांचा जुना नंबर लागत नाही. कोणत्या पलटणीत आहेत ते विचारत असतो. कुणी म्हणतं पूर्वेकडे, कुणी म्हणतं निवृत्त होऊन गावी गेले. सापडतील. उस्ताद, तुमच्या हातात हे कधी पडलं तर, तुमच्या जवानाने नकाशा सरळ धरला होता. आजोबांना फौजेत ज्यांनी शिकवलं त्यांना कुणी कळवलं नाही, मी तुम्हाला कळवतो आहे. एवढ्याने फिटत नाही हे मला माहीत आहे. नोकरी संपली की मी स्वतः केरळला येईन, तुम्हाला घेऊन येईन. हिवाळ्यात येऊ, संत्री असतील. आमच्या शेतात गोवऱ्यांच्या विस्तवावर कणकेचे जाड रोडगे भाजीन, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. ते मला येतं, इडलीसारखं होणार नाही. पहाडाकडे तोंड करून तुम्हाला बसवीन. कंपास तुम्ही आणा. तो तुम्ही उघडाल तेव्हा या वेळी मी विस्तव सोडून येईन आणि तुमच्या शेजारी उभा राहीन.